मामी घरी नसताना लिहिलेले सूर

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, नमस्कार त्यातच उरकला. राग नसावा.) कंबर कशी आहे? चष्मा सापडला का? मामी म्हणते, आधी फ्रिजमध्ये बघा.

पत्रास कारण तुमचंच शिक्षण. पियानोची काळी पट्टी एक, आवाज एक, पण कागदावर नावं दोन, कधी सी शार्प, कधी डी फ्लॅट, आणि कोणतं नाव द्यायचं ते आजूबाजूच्या सुरांवरून ठरतं, हे तुम्हीच शिकवलंत. (तुम्ही नाही का, आईपुढे बंड्या आणि वाद्यवृंदात गुरुजी!) नाव चुकलं की वाजवणाऱ्याची बोटं अडखळतात. तुम्ही निवृत्त झालात आणि हे नावं ठेवायचं काम मी कॉम्प्युटरवर घेतलं. त्याला शेजार ओळखता यावा म्हणून वाद्यवृंदासाठी तुम्ही हाताने लिहिलेली चाळीस वर्षांची सुरांची पानं दाखवली, आणि तिथेच माशी शिंकली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तुम्ही बारीक अक्षरात तारीख आणि 'ही घरी' किंवा 'ही घरी नाही' असं लिहायचात. ते कोपरे कापायचे मी विसरलो. कॉम्प्युटरने सुरांचा शेजार दिला सोडून आणि तुमचा संसार धरला. मामी घरी असली की फ्लॅट, नसली की शार्प! आता नवी सुरावट घातली की पडद्यावर आधी प्रश्न येतो, 'ही कुठे आहे?' उत्तर दिल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

शनिवारच्या कार्यक्रमाची रचना नेमकी फ्लॅटांनी भरलेली. आणि मामी, आईच्या गुडघ्यासाठी म्हणून दोन दिवसांकरता आलेली, आज अकरावा दिवस आमच्याकडेच आहे. मी गुपचूप 'घरी' असं दडपून देणार होतो, पण ती शेजारीच भेंडी चिरत बसली होती. म्हणाली, "माझ्याबद्दल खोटं लिहिलंस तर याद राख." खरं लिहिलं, सगळीकडे शार्प उमटले. तालमीत बासरीवाल्या बाईंनी बासरी खाली ठेवली. संचालक म्हणाले, शनिवारपर्यंत पानं सुधारली नाहीत तर पुन्हा खुर्च्या मांडायला लागा. मामा, मला खुर्च्या मांडायच्या नाहीत हो. सहा वर्षं मांडल्यात.

मला वाटतं, मामी नसली की तुमचा जीव कासावीस होत असणार, म्हणून सूरही चढून शार्प होत असणार. हे लक्षात येऊन मला भरून आलं. मामीला अजून सांगितलेलं नाही.

तुमचा,
भाचा

ता. क. सरळच सांगतो. शनिवारच्या आत येऊन मामीला घेऊन जा. दोन शब्द गोड बोला, चार बोललात तर शुक्रवारीच जमेल.

ता. ता. क. पाकीट चिकटवायच्या आत पत्र मामीने वाचलं. कासावीस जीव तिला पटला नाही. तिने तुमच्या हातची शार्पवाली सगळी जुनी पानं मागून घेतली आणि भिंग लावून कोपरे वाचले. 'ही घरी नाही'च्या खाली तुम्ही दर वेळी आणखी दोन शब्द लिहिलेत, ते मी पाहिलेच नव्हते: 'काय शांतता!' ती पानं पिशवीत घालून ती आत्ताच्या बसने तुमच्याकडे निघते आहे. पत्रही तिच्याच हाती देतोय, टपालापेक्षा लवकर पोचेल. 'आता खुशाल घरी लिही' असं तीच म्हणाली, त्यामुळे माझे फ्लॅट बरोबर येऊ लागलेत. तुम्ही जपा.