हयातीपुरतं घर

२२ नोव्हेंबर १९३१, सोलापूर
आज माझ्या स्वतःच्या घरात चूल पेटवली! यंदा भाऊबीजेला मानसिंगनं ओवाळणीच्या ताटात नाणं नाही, घराचा कागद ठेवला. भावजय हसून म्हणाली, "वाचून तर बघा, वन्सं." मी मराठी पाचवी झालेय, पण भावाची ओवाळणी कुणी उलटून पाहतं का? आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा. विहिरीत वाकायचा, तेव्हा मागून सदरा धरून मीच उभी असायची. माळशिरसचं माझं घर आणि नवऱ्यामागं राहिलेलं शेत विकायला मी त्यालाच मुखत्यारपत्र दिलं होतं. त्यातूनच हे घर झालं म्हणाला.

दोन खोल्या, पूर्वेला खिडकी. मागच्या खोलीत आड आहे, वर फरशी बसवलेली. आटलाय म्हणे. पाणी शेजारच्या सिद्धम्माकडून आणते.

२६ नोव्हेंबर
दुपारी फरशीखाली घागर दगडाला लागावी तसं टक्‌ वाजलं. आटलेल्या आडात? सिद्धम्माला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या आदी हितं केराबाई ऱ्हात व्हत्या. लई गरीब बाई. त्याबी मानसिंगरावांच्या भैणच की."

मानसिंगला मी एकटीच बहीण.

सिद्धम्मा सांगते, केराबाई सांगोल्याची विधवा. तिचंही शेत मानसिंगनंच विकून दिलेलं. मानलेली बहीण असेल. एक दिवस मोडनिंबला गेली म्हणे. परत आली नाही.

३० नोव्हेंबर
घरपट्टीला नाव लावायला कचेरीत गेले. कारकुनानं कागद दोनदा वाचला. मालक मानसिंग. मला, मथुराबाईला, फक्त राहण्याचा हक्क, तोही हयात असेतो. विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. मी गेले की घर मोकळं.
"मावशी, आदी वाचायचं न्हाय व्हय? ह्याच घराचा असाच कागद मागं आलता. तवा नाव केराबाईचं व्हतं."

नुसतं मागितलं असतं तरी मी त्याला शेत दिलं असतं.

२ डिसेंबर
टकटक रोज. आता अगदी फरशीला लागून. आज दुपारी बाईचा आवाज — भाऊ आला का, असं विचारत होती. जाऊ कुठं? माळशिरसला आता माझं दारच नाही.

३ डिसेंबर
मानसिंगचं पत्र. उद्या येतोय. आड उघडून देतो, पाणी लागलं असेल, म्हणतो.
मी आडाबद्दल काहीच कळवलं नव्हतं.

४ डिसेंबर
आलाय. पेढे आणलेत. मी पुढच्या खोलीत, मधलं दार उघडं — तो पहारीनं फरशी सरकवतोय. टकटक थांबली.

"अक्का, ये की. वाकून बघ, पाणी हाय."

मी जात नाही —

खालून हाक आली. "भाऊ —" ओवाळताना म्हणावं तशी, मायेनं. त्यानंही ऐकली. तोंड पांढरं पडलंय. तरी वाकतोय — आणखी खाली —

पाठीवरचा सदरा दिसतोय. मी उठून त्याच्या मागं आलेय. हात पोचेल माझा. धरू, की —