सातातला सातवा

सोलापूर,
गुरुवार, पाळी सुटल्यावर

तीर्थरूप धोंडिराममामा यांना रत्नदीपचा मनापासून जय भीम.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून बाहेर पडलात (जाताना ‘चालू द्या तुमचं’ एवढंच लिहून गेलात, ते सगळ्यांनी वाचलं), आणि मी मंगळवेढ्याला आलो तर तुम्ही दुकानाचं शटर खाली ओढणार, हा तुमचा निरोप तेजश्रीनं मला जसाच्या तसा पोचवला. तुमची लेक निरोपाच्या बाबतीत फार प्रामाणिक आहे, शिवीसुद्धा गाळत नाही. तेव्हा आता पत्राशिवाय मार्ग उरला नाही. गुडघा कसा आहे? सकाळी उठताना अजून कटकट वाजतो का? मामींनाही जय भीम सांगा. त्यांची शेंगाचटणी संपली, डबा धुऊन ठेवलाय, पण सध्याच्या परिस्थितीत तो कुणाच्या हाती पाठवावा हे कळत नाही. आई बरी आहे. फक्त तुमचं नाव निघालं की ती उठून भांडी घासायला लागते, आणि तीही आधी घासलेलीच.

आता तुमच्या रागाकडे येतो. आपल्या कबड्डी लीगमधल्या सात संघांची मी क्रमवारी लावली आणि सख्ख्या मामाचा ‘मंगळवेढा महारथी’ सातवा लावला. ‘वैऱ्यानं लावला असता तरी सहावा लावला असता,’ असं तुम्ही एसटी स्टँडवर चार लोकांत म्हणालात, तेही पोचलं. त्यात पहिला नंबर आला दिपकरावांच्या ‘चिंचोळी चॅलेंजर्स’चा. दिपकराव म्हणजे प्रतिक्षाचे वडील, आणि प्रतिक्षा म्हणजे (तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण लिहायला बरं वाटतं) जिच्याशी मला लग्न करायचं आहे ती. अप्पा गेल्यापासून आमच्या घरात बोलणी करायला मोठं माणूस तुम्हीच. दिपकराव म्हणतात, धोंडिरामनं येऊन मागणी घालावी, मग बघू. तुम्ही म्हणता, त्या माणसाच्या दारात पाय ठेवणार नाही. तुमच्या दोघांच्या मधल्या रेषेवर मी उभा आहे आणि माझा दम संपत आलाय. तिकडे प्रतिक्षाला बाहेरची स्थळं यायला लागलीत. परवा पुण्याचा एक येऊन गेला, त्याला कबड्डीत एका बाजूला किती खेळाडू असतात हेही माहीत नव्हतं. मला त्याचीच खरी धास्ती वाटते, कारण ज्याला कबड्डी कळत नाही त्याचं आपल्यात कुणाशीच भांडण नसतं.

अशा वेळी मी दिपकरावांना पहिला नंबर दिला म्हणजे सासऱ्याला लोणी लावलं, असं तुमचं म्हणणं. सगळ्या मंगळवेढ्याचंही तेच म्हणणं आहे असं कळलं (निदान तुमच्या दुकानासमोरच्या बाकड्याचं तरी). म्हणून ही क्रमवारी कशी जन्माला आली ते सविस्तर लिहितो.

सुरुवात माळशिरसला झाली. आपले लीगचे अध्यक्ष महिपतीअण्णा यांना त्यांच्या मुलानं, पृथ्वीराजनं, मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात जगातले सगळे धंदेवाईक संघ इतिहास आणि यश बघून ओळीनं लावले होते. अमेरिकेतला बेसबॉलचा कुठलासा संघ शंभराहून जास्त वर्षं जुना आहे, हे ऐकून अण्णा अस्वस्थ झाले. आपली लीग जेमतेम सहा वर्षांची, त्यातलंही एक वर्ष मॅट न आल्यामुळे चिखलात गेलेलं. त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, “रत्नदीप, त्येंच्या टीमांचे नंबर लागत्यात, आन् आपल्या टीमा काय उकिरड्यावर सापडल्यात? तुज्याकडं माईक हाय, तूच लाव की.” आता माईक असणं आणि इतिहास असणं यांचा संबंध काय, हे मी विचारायला हवं होतं. पण मी रविवारी समालोचन करतो आणि उरलेला आठवडा चिंचोळी एमआयडीसीत सुताच्या बॉबिनीतले दोष शोधतो. दोष काढायला सांगितल्यावर नाही म्हणणं माझ्या हातून होत नाही.

यशाचं ठीक आहे, ते मोजता येतं. इतिहास कुणाच्या नावावर मांडायचा, तिथे माझी गाडी अडली. तिकडे टीव्हीवरच्या क्रिकेटच्या लीगमध्ये मुंबई आणि चेन्नईनं पाच-पाच वेळा कप नेला, तर ते मुंबईचे आणि चेन्नईचे, वाद नाही. आपल्याकडे बघा. पहिल्या वर्षी कप जिंकला नंदीशशेठच्या ‘बार्शी बादशहा’नं. दुसऱ्या वर्षी शेठचं आणि कप्तानाचं बिनसलं. खेळाडू घाऊक माळशिरसला, महिपतीअण्णांच्या संघात गेले, नाव शेठकडे राहिलं, कप कप्तानाच्या घरी राहिला, आणि जर्सी शेठच्या चुलतभावानं आपल्या बँडपार्टीला वाटल्या. मग तो कप जिंकला कुणी? शेठ म्हणतात नाव माझं. अण्णा म्हणतात पाय आमचे. मी चौकशी करत बँडवाल्यांपर्यंत गेलो, तर तो ढोल वाजवणारा शांतपणे म्हणाला, “कप आमीच जिकलाय, अंगावर लिवलंय की.” त्याच्या पाठीवर खरंच ‘विजेता’ असं लिहिलेलं होतं आणि त्या संबंध प्रकरणात लेखी पुरावा तेवढाच होता.

म्हणून मी ठरवलं, आपापल्या ट्रॉफ्या घेऊन सगळ्यांनी लीगच्या हॉलवर यायचं. हा निर्णय मी शुद्धीत घेतला होता. शनिवारी टेंपो लागले. आपल्या भागातल्या सगळ्या ट्रॉफ्या एकाच तऱ्हेच्या असतात हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. तीच सोनेरी प्लास्टिकची बाई, तेच हात वर केलेले, खाली तोच काळा ठोकळा, आणि ठोकळ्यावरचं स्टिकर दुसऱ्या उन्हाळ्यात गळून पडलेलं. घरात जेवढ्या सोनेरी बायका होत्या तेवढ्या लोकांनी पोत्यात भरून आणल्या. अक्कलकोटच्या विरुपाक्षअण्णांच्या पोत्यातून तर शिंगांचा बैलच निघाला. तो कबड्डीचा कसा, असं विचारल्यावर ते म्हणाले, “पकड बघा की री त्याची.”

मग मी एक नियम केला, आणि माझ्या मते तो साऱ्या जगातल्या क्रमवारीवाल्यांनी घ्यावा असा आहे. प्रत्येक ट्रॉफीबद्दल घरच्या बाईला फोन करायचा. ट्रॉफी आणणारा माणूस काहीही सांगू शकतो, पण तिच्यावरची धूळ जी पुसते तिला ती कुठून आली हे पक्कं माहीत असतं. पहिला फोन माळशिरसला, महिपतीअण्णांच्या घरी सारजाकाकूंना, स्पीकरवर. अण्णांनी छातीशी धरलेल्या सगळ्यात उंच कपाचं वर्णन सांगितलं. काकू म्हणाल्या, “त्यो व्हय? त्यो माजा हाय. रांगोळीचा. आन् हुता तितं कपाटावर आनून ठिवा म्हनावं, कुनाला इचारून नेला?” अण्णांनी कप हळूच खाली ठेवला आणि पंखा वाढवायला सांगितला. तासाभरात हॉलमधला निम्मा इतिहास निकालात निघाला. पाककला, भजनी मंडळ, उत्कृष्ट शेळीपालन, एक तर चक्क ‘सुदृढ बालक’. मग तुमच्या घरी फोन लावला. येसूमामींनी सांगितलं की टीव्हीशेजारची मोठी ट्रॉफी तेजश्रीची, वक्तृत्वाची, आणि मागच्या दोन तेवढ्या कबड्डीच्या, दोन्ही उपविजेतेपदाच्या. मामा, यात माझा काय दोष? तुम्ही मामींशीही बोलत नाही असं कळतं. त्या म्हणे खूश आहेत, पण ते असो.

आता तुम्ही विचाराल की दोन उपविजेतेपदं असताना अक्कलकोट तुमच्या वर कसं, त्यांनी तर बैलाशिवाय काहीच आणलं नव्हतं. त्यांनी मुद्दा मांडला तो असा की बंगळुरूच्या क्रिकेट संघाला पहिला कप मिळायला अठरा वर्षं लागली, तरी त्यांची माणसं दर वर्षी त्याच जोमानं ओरडत राहिली, तेव्हा वाट बघणं हाही इतिहासच. अक्कलकोटचा संघ सहा वर्षं काहीही न जिंकता दर वर्षी वेळेवर येतो, वेळेवर हरतो आणि जेवून जातो. शिवाय मी तिसरा निकष घातला होता, वर्तनाचा. त्यात तुम्ही मार खाल्लात. तिसऱ्या वर्षी पंचांनी बोनस दिला नाही म्हणून तुम्ही धोतर सावरत मॅटच्या मधोमध मांडी घालून बसलात. तुम्हाला उचलायला आलेल्या चौघांना पंचांनी बाद धरलं आणि सामना चहापर्यंत थांबला. समालोचक म्हणून तेव्हा मी तुमच्या बसण्याचंच वर्णन करत होतो.

आणि पहिल्या नंबरचं ऐका. चॅलेंजर्सनी सहापैकी चार कप नेलेत आणि चारही ट्रॉफ्या प्रतिक्षाच्या आईनं फोनवर बिनचूक ओळखल्या. माझ्या जागी त्या पुण्याच्या स्थळाला बसवलं असतं तरी त्यानं तोच नंबर दिला असता. बरं, पहिल्या नंबराचा मान काय, तर उद्घाटनाचा नारळ फोडायचा. दिपकराव उभे राहिले आणि म्हणाले, “मी नारळ फोडत न्हाय. खोबरं दिलंत तर खाईन.” झालं, मान खाली सरकला तो दुसऱ्या नंबरच्या महिपतीअण्णांकडे. अण्णा आता सगळ्यांना सांगत सुटलेत की खरा नंबर दुसराच असतो. आपल्या धम्मात बसत नाही म्हणून तुम्हीही नारळ फोडत नाही, मामा. तुम्हाला पहिलं लावलं असतं तरी तुम्ही नारळ हातात धरून उभे राहिला असता आणि मला शिव्या घातल्या असत्या.

तुमचं खरं दुखणं क्रमवारी नाही, संगमेश आहे, हे मला समजतं. तुमचा चढाईपटू, तुमच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत घडवलेला. दोन वर्षांपूर्वी लिलावात दिपकरावांनी हात वर केला आणि संगमेश चिंचोळीला गेला. आदल्या संध्याकाळीच ‘तुझ्या पोराला मी हात लावत नाही’ असं त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. ते आजही शपथेवर सांगतात की हात चहावाल्याला वर केला होता, हातोडा पडला तो त्यांचा दोष नाही, आणि चहाही शेवटपर्यंत आला नाही. तुम्ही यावर विश्वास ठेवत नाही. मीही ठेवला नसता, पण मला त्यांची मुलगी हवी आहे, तेव्हा मी त्या चहावर पूर्ण विश्वास ठेवतो.

असो. रागावलात तरी जेवत जा. गुडघ्याला शेक घ्या आणि बाकड्यावरच्या लोकांचं फार ऐकू नका, त्यांच्यातल्या एकाचाही संघ नाही. मामींशी बोला.

तुमचा भाचा (मानत असाल तर),
रत्नदीप

ता. क. — उद्घाटनाचं सांगायचं राहिलं. रविवारचा पहिला सामना पहिला नंबर विरुद्ध सातवा नंबर असा ठेवलाय, म्हणजे चॅलेंजर्स आणि महारथी. त्या सामन्याच्या दोन्ही मालकांनी स्टेजवर बसायचं आणि मंडपवाल्याकडे सोफा एकच आहे. तुम्ही येऊन त्यावर बसावं, एवढंच मागणं आहे. दारात पाय ठेवायचा नाही, मागणी घालायची नाही. सामना संपेपर्यंत बसायचं.

आणखी ता. क. — खरा हिशेब धरला तर तुमचा संघ पाचवा आहे. वर्तनाचा निकष मी मागाहून घुसवला. वर्तन बघायचं तर नंदीशशेठनी पंचाची शिट्टी गिळली होती आणि महिपतीअण्णांनी त्याची मोटारसायकल लपवली होती, त्यांना मी काही केलेलं नाही. पाचवे राहिला असता तर तुमचा सामना तिसऱ्या नंबरच्या बार्शीशी लागला असता, आणि शेठशेजारी बसून माझं लग्न ठरत नाही.

शेवटचं ता. क. — ही अक्कल माझी नव्हे. क्रमवारीचा कागद घेऊन मी दिपकरावांकडे गेलो होतो. त्यांनी तुमचं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं, आणि म्हणाले, “ह्याला सातवा कर.” मी म्हटलं, मामा चिडतील. ते म्हणाले, “चिडू दे. चिडला की येतोय त्यो. दोन वर्सं झाली, मॅच बघताना शेजारी बसून पंचाला शिव्या घालायला मानूसच न्हाय बग. लई वंगाळ वाटतंय.” हे तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. मामा, सोफा दोघांपुरताच आहे आणि महिपतीअण्णा तिघांची जागा घेतात, तेव्हा रविवारी पहिल्या एसटीनं निघा.