सोनूबाई नावाचं इंजिन

मु. पो. तीर्थपुरी
फेब्रुवारी, रविवार

तीर्थरूप दुर्गाबाई वन्संला भावजय दैवशालाचा पाया पडून नमस्कार. तुमचे गुडघे कसे हायत? इकडं सगळे बरे, तुमचे भाऊ पण (त्यांना काय होतंय). फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत न्हाईत, बंब कवा पाठवती म्हणता आन ठेवून देता, म्हणून पत्र लिहून राह्यले. चौथी शिकलेली बाई हाय, अक्षराला हसू नका. तुमच्या शालूच्या लग्नात न्हाणीतला तांब्याचा बंब तुम्हाला द्यायचा, हे सासूबाई जाताना बोलल्या व्हत्या. मी नाकबूल न्हाई. पण आधी ऐका.

सव्वीस जानेवारीला शाळेची झांकी व्हती, देशाची पहिली आगगाडी. ज्योत्स्ना मॅडमनी थर्माकोलचं इंजिन केलं आन धुरासाठी चार उदबत्त्या खोचल्या. मी तिथं खिचडी शिजवणारी, मला कोण इचारतंय. पण राहवलं न्हाई. म्हणलं, मॅडम, ही आगगाडी हाय का आरती? त्या रागावल्या न्हाईत, पुस्तकातलं चित्र दाखवलं. आत जाळ, भवती पाणी, वर धुराडं. अगं बाई, हे तर आमच्या घरी हाय! गोऱ्या साहेबांनी जे बोटीतून आणलं ते आपल्या न्हाणीत रोज उभं, आन आपण त्याच्यावर टावेल वाळवतो.

मंग तेलाची टिपाडं आडवी जोडली, म्होरं धुराड्याच्या जागी आपला बंब, सगळं शेजारच्या कारभारीच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. बंबात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या. काय धूर, वन्सं! त्या पहिल्या गाडीला साहिब, सिंध आन सुलतान अशी तीन इंजिनं व्हती म्हणं, त्यातलं एक नाव देऊ म्हणल्या मॅडम. साहेब मला नको, आन सुलतान आमच्या घरात एक हायच. मी म्हणलं, सोनूबाई लिहा. रोज सगळ्यांच्या आधी उठून ज्यांनी बंब पेटवला आन सगळ्यांच्या मागून उरल्या कोमट पाण्यानं अंघोळ केली, त्या तुमच्या आईचं नाव. उभ्या जन्मात रेल्वेत बसल्या न्हाईत. आता इंजिनच झाल्या.

चौकात ट्रॅक्टर बंद पडला. लोक दात काढून राह्यले. संपत टेलर वरडला, दैवशालाबाई, गाडी लेट का? मी वरूनच म्हणलं, तुझ्या शर्टाच्या आधी येईल! शेवटी कारभारीची बैलं जुंपली. बैलांनी आगगाडी ओढली, ओढू द्या, पण बंब बिलकुल विझला न्हाई. बायका कुंकू घेऊन आल्या, नारळ फुटले. बंबात पाणी खदखदून राह्यलं व्हतं, वाया कशाला घालायचं, नंबर देणाऱ्या पाव्हण्यांना चहा केला. पहिला नंबर आला (इंजिनाचा का चहाचा, मी इचारलं न्हाई). माइकवर सोनूबाईचं नाव पुकारलं तवा तुमचे भाऊ रडले. म्हणले, धूर गेला डोळ्यात. जाळ तर कवाच विझल्ता.

तुम्ही पाह्यजे व्हत्या, वन्सं. भाऊजींना नमस्कार, शालूला आशीर्वाद.

तुमची
दैवशाला

ता. क. बंब चिंचेनं घासून पाठवणार व्हते, पण त्याला काळा ऑइलपेंट दिलाय. इंजिन काळंच असतंय. आन एका म्हातारीनं भक्तीनं त्याच्यावरच नारळ फोडला, त्याचा पोचा हाय. बारका. नारळाएवढा.

ता. क. खरं सांगते. बंब आता शाळेच्या दारात सिमिटात बसवलाय, वर तुमच्या आईचं नाव. लेकरं आत जाताना हात लावून जातात. न्यायचाच तर पहार घेऊन या. मी आडवी येणार न्हाई. फक्त पहार मारायच्या आधी नाव वाचा.

ता. क. येताना तुमच्या वाट्याला आलेलं पितळी घंगाळ आणा. म्होरल्या वर्षी इंजिनाला डबा जोडायचाय. त्याला तुमचं नाव देऊ.