बाबांच्या गाडीचा कॅमशाफ्ट

प्रिय धाकट्या,

तू मजेत असशीलच. मजेत नसायला तुला काय झालंय? इकडे बाबांची तब्येत आहे तशीच आहे. एक दिवसाआड हॉस्पिटल, त्या सुया, आणि परत येताना गाडीत डुलकी. हातांचा कंप वाढलाय, चहाचा कप आता अर्धाच भरून देते. जीभ मात्र ठणठणीत आहे. काल गॅरेजमध्ये आपल्या वेल्डरला त्यांनी स्टुलावर बसल्या बसल्या असं फैलावर घेतलं, की तो बिचारा काळा चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून जेवायला गेला.

ते स्टूल तुला आठवतं का? इंजिनाची ताकद वाढवून घ्यायला कुणी आलं, की बाबा आधी त्याला त्यावर बसवायचे. कॅमशाफ्ट बदलायचाय ना, मग सांग बरं, रोज कुठे जातोस, वाटेत सिग्नल किती, शेजारी कोण बसतं. एवढ्यावर भागायचं नाही. मग त्यालाच चालवायला लावून एक फेरी, आणि बाबा शेजारी बसून रस्त्याकडे न बघता त्याच्या पायाकडे बघत राहणार. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे हे कॅम ठरवतो, म्हणजे इंजिनानं श्वास कसा घ्यायचा तेच ठरवतो. शर्यतीचा कॅम घातला तर गाडी वेगात पळते झकास, पण हळू चालताना, गर्दीत, तिचा जीव गुदमरतो. सिग्नलला गुरगुरणारी गाडी हवी म्हणून आलेली किती पोरं त्यांनी हात हलवत परत पाठवली! तूही तेव्हा बाजूला उभा राहून हसायचास.

आणि मग तुझा खोका आला. आपल्या जुन्या गाडीचं इंजिन मी नुकतं उघडलं होतं. सिलिंडर मोठे करून घेतले, नवे पिस्टन घातले, आता वरून हेडचं झाकण बसवायचं एवढंच बाकी होतं. तू फोनवर ऐकलंस आणि तुमच्या त्या रेसिंगच्या वर्कशॉपमधून कॅम पाठवून दिलास. चकचकीत, स्पंजात गुंडाळलेला. गाडी कोण चालवतं, कुठे जाते, एका शब्दानं विचारलं नाहीस. मी तो हातात घेतल्याबरोबर बाबांना म्हटलं, हा रस्त्यावर चालायचा नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी मीच त्या गुरगुरणारी गाडी मागणाऱ्या पोरांपैकी आहे. म्हणाले, धाकट्यानं पाठवलाय म्हणजे विचार करूनच पाठवला असणार. झालं! जन्मभराचं शास्त्र एका खोक्यापुढे गुंडाळून ठेवलं. त्यांचे हात चालत नाहीत, म्हणून बसवलाही मीच.

पुढचे दोन महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. गाडी थांबली की बंद पडायची, सुरू ठेवायची तर एका पायानं सारखं रेस देत राहायचं. सगळी गाडी थरथरायची आणि बाबा डोळे मिटून म्हणायचे, काय आवाज आहे बघ. मग एकदा हॉस्पिटलच्या उतारावर ब्रेक दाबला, तर पेडल दगडासारखं. ब्रेक हलका राहतो तो इंजिन हवा खेचतं त्या ओढीवर, आणि तुझ्या कॅमनं इंजिन हळू चालताना ती ओढच उरत नव्हती. दोन्ही पायांनी पेडलवर उभी राहिले तेव्हा कुठे गाडी गेटच्या खांबापाशी थांबली. बाबांचं डोकं काचेवर आपटता आपटता राहिलं. त्या दिवशी तू समोर असतास ना, तर मी तुला सोडलं नसतं.

नंतर बाबांना आठवडाभर हॉस्पिटलात ठेवलं, तेवढ्यात मी तुझा कॅम काढला. दुसरा आणून घातला, साधासा, मूळच्यापेक्षा जरा बरा, खालच्या चालीत ताकद देणारा. घरी आणताना गाडी सिग्नलला शांत उभी राहिली. बाबांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाले, बघ, धाकट्याचा कॅम बसला आता. कॅम काही चपलेसारखा वापरून वापरून पायाला बसत नाही, हे मला त्यांनीच शिकवलंय. पण आजारी माणसाशी काय वाद घालायचा!

गेल्या आठवड्यात त्यांनी तुला फोन लावला तेव्हा मी शेजारीच भाजी निवडत होते. हात थरथरतात म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवतात, हे तुला माहीत नसेल. गाडी कशी सावलीसारखी उभी राहते, ब्रेक कसा लोण्यासारखा लागतो, सगळं त्यांनी कौतुकानं सांगितलं. तू असलीच इंजिनं रोज हाताळतोस. तुझा कॅम असा चालूच शकत नाही, हे तुला पहिल्या वाक्यालाच कळलं. कुणी बदलला तेही कळलं. या घरात तो बदलणारं दुसरं आहे कोण? आणि तू म्हणालास, हो बाबा, मी नीट विचार करूनच निवडला होता. त्यावर त्यांनी गॅरेज तुला देऊन टाकलं आणि तू आनंदानं घेतलंस. माझं नाव दोघांच्याही तोंडी आलं नाही. भाजी तशीच टाकून मी उठले. इतकं वाईट मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

या पत्राबरोबर तुझा कॅम परत पाठवतेय, पुसून, तेल लावून. माझा मी काढून घेतलाय. बस डेपोच्या इंजिन विभागात मला नोकरी मिळाली आहे आणि एक तारखेला मी हजर होणार. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तू येईपर्यंत मी त्यांना हॉस्पिटलात टॅक्सीनं नेईन, पुढचं तुझं तू बघ. गाडीचं हेड उघडं आहे, कॅमची जागा रिकामी आहे. ये आणि स्वतः निवड. बाबा तुझ्या शेजारी बसणार आहेत, एवढं लक्षात ठेवून निवड.

तुझीच,
ताई