आईच्या आवाजातला जिवाणू

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकूनच केला. कंबर धरल्यामुळे अजून तसाच आहे, हे अक्षरावरून कळेलच.) भावोजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरण्यात काही कमीपणा नाही, हे त्यांना सांग. इकडे माणसं ठणठणीत आहेत, टोमॅटो तेवढे आजारी आहेत.

म्हणजे आईच्या बियाण्याचे. ती गेल्यावर आपण दोघांनी वाटून घेतलं, त्यातलंच मी दर वर्षी गच्चीवर कुंड्यांत लावतो. यंदा पानांवर बारीक काळे ठिपके आले, प्रत्येकाभोवती पिवळी कड. लोकांच्या पिकांचे रोग ओळखण्यात जन्म घातलेला मी, आठवडाभर धूळ आहे असंच म्हणत राहिलो. (बायको 'दिव्याखाली अंधार' एवढंच म्हणाली आणि कपडे वाळत घालायला लागली.) हा एक जिवाणू. गार, ओल्या हवेत पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर पानावर येतो. पानाला श्वासाची बारीक छिद्रं असतात, आणि कोणी परका आल्याचं कळलं की पान ती मिटून घेतं. मग हा पठ्ठ्या एक विष सोडतो, आणि ते विष हुबेहूब झाडाच्या स्वतःच्या आतल्या निरोपासारखं असतं. झाडाला वाटतं, घरातूनच हुकूम आला. छिद्रं उघडतात, हा आत शिरतो, आणि आत गेल्यावरही त्याच विषाने झाडाला गाफील ठेवतो.

हेच मी गेल्या महिन्यात बागायतदारांच्या बैठकीत सांगत होतो. निम्मे लोक पेंगत होते, म्हणून तुझी गोष्ट काढली. (रागावू नकोस, नाव घेतलं नाही.) आई शिवणाच्या कारखान्यात जाताना बजावायची, माझा आवाज आल्याशिवाय कडी काढायची नाही. त्या आज्ञेतून मी तुलाही सूट द्यायचो नाही. तू शाळेतून दमून यायचीस, दोनदा दार वाजवायचीस, आणि मग आईच्या आवाजात, तिच्या त्या कोरड्या खोकल्यासकट, "दार उघड रे, हात भरलेत माझे," म्हणायचीस. मी उघडायचो. मला बाजूला सारून तू थेट मागच्या वाफ्याकडे जायचीस आणि पायरीवर बसून टोमॅटो मीठ लावून खायचीस. लोक खडबडून जागे झाले. तेव्हापासून तिकडे या रोगालाच 'ताई' म्हणतात. काल एक जण पिशवीतून ठिपक्यांची पानं घेऊन आला. "साहेब, आमच्याकडे पण ताई आल्यात. कशाने जातील?" त्या सहसा जात नाहीत, असं मी अनुभवाने सांगितलं.

भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दाराआडचा भाऊ

ता. क. रोपं सगळी उपटून टाकली. हा रोग बियांतूनही पुढे जातो, त्यामुळे त्यांचं बी धरता येत नाही, आणि माझ्याकडचं जुनं याच पेरणीत संपलं. तुझ्या वाट्याचं चिमूटभर तरी हवं. तेही नसेल, तर आईचा टोमॅटो संपला.

पुन्हा ता. क. बियाणं पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये. नसलं तरी ये. बेल बिघडली आहे (वायर मीच काढली), तेव्हा बाहेरून हाक मार, खोकल्यासकट. बैठकीत मी एक खोटं सांगितलं. खरं तर मी कधीच फसलो नाही. आई यायला अजून पुष्कळ वेळ आहे, हे मला ठाऊक असायचं. तू तिचा आवाज काढावास, म्हणून तर पहिल्या दोन थापांना मी दार उघडत नसे.