दोन खिडक्यांचा जावई

१ नोव्हेंबर, शनिवार
सासरेबुवांचं, म्हणजे अप्पांचं, सहस्रचंद्रदर्शन तेवीस तारखेला. नेरूळला हॉल घेतलाय. फोटोंचा स्लाइड शो करायची जबाबदारी मी घेतली. घेतली म्हणजे, साडू आशुतोष ‘मी करतो’ म्हणायला तोंड उघडत होता, त्याच्याआधी मी उघडलं. अप्पांच्या जुन्या अल्बमना वाळवी लागली. त्याआधी स्कॅन केलेले फोटो आणि नंतरचे मोबाईलवरचे, सगळे एकाच हार्ड डिस्कवर आहेत. वैजयंतीने ती डिस्क साड्यांच्या कपाटातून काढून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. म्हणाली, अहो, आधी एक कॉपी करा, मग काय ते प्रयोग करा. बायकोला नवऱ्यावर विश्वास नसणे हा आपल्याकडचा फार जुना रोग आहे.
संकल्प: पंधरा तारखेपर्यंत सर्व फोटो वर्षवार. मग संगीत. मग टाळ्या.

२ नोव्हेंबर
कॉम्प्युटर उघडला. नेहमीच्या फाईल मॅनेजरला एकच खिडकी. इथून उचला, मागे या, दुसरं फोल्डर शोधा, तोवर काय उचललं होतं ते विसरा. मी तळोज्याला कंपनीत स्टोअर्स सांभाळतो. आमच्याकडे इनवर्डचं गेट वेगळं, आउटवर्डचं वेगळं. एवढी साधी गोष्ट कॉम्प्युटरवाल्यांना कळू नये?
नेटवर शोधलं. कळलेली आहे! ड्युअल-पेन फाईल मॅनेजर. स्क्रीनवर दोन खिडक्या शेजारी शेजारी. एकीत माल कुठून निघाला, दुसरीत कुठे पोचला. वाचून भरून आलं. जगात आपल्यासारखी डोकी आहेत तर.
फोटोंना हात लावला नाही. पाया पक्का हवा.

४ नोव्हेंबर
चार सॉफ्टवेअर डाउनलोड केली. कामावरून आल्यावर रात्री उशिरापर्यंत तुलना. निळ्या पडद्याचं पसंत पडलं. समोर बसलं की आपण कुठलं तरी विमानतळ चालवतोय असं वाटतं.
आशुतोषचा फोन. ऐरोलीला आयटीत आहे, त्यामुळे सल्ले फुकट. म्हणाला, विलासराव, साध्याच दोन विंडो उघडून शेजारी लावा ना, झालं ड्युअल. मी नुसता हसलो. दोन चाळी शेजारी बांधल्या म्हणून टॉवर होत नाही. हे त्याला बोललो नाही. फोन ठेवल्यावर सुचलं.

८ नोव्हेंबर
पूर्ण सुट्टी सत्कारणी. शॉर्टकट पाठ केले. एफ फाइव्ह कॉपी, एफ सिक्स हलवा, एफ एट पुसा. माऊस लागतच नाही. जाईला बोलावून डेमो दिला. (जाई म्हणजे आमची मुलगी. कॉलेजला आहे, म्हणजे मोबाईलवर असते.) तिने विचारलं, बाबा, भारी आहे, पण फोटो किती लावून झाले? एका खिडकीवर वाढलेली पिढी असलेच प्रश्न विचारणार.

९ नोव्हेंबर
मोठा तात्त्विक प्रश्न. मूळ फोटो कुठल्या खिडकीत? सॉफ्टवेअर म्हणतं, मूळ डावीकडे, नवीन उजवीकडे. मनाला पटेना. शुभकार्य अप्पांचं, आणि अप्पांना डावीकडे बसवायचं? आपण तीर्थ डाव्या हाताने घेत नाही, कोणाला वाण डाव्या हाताने देत नाही. देणारा हात उजवा. म्हणून अप्पांची डिस्क उजव्या खिडकीत घेतली. डावीकडे रिकामं फोल्डर, नाव ‘शुभारंभ’. वैजयंतीला समजावून सांगितलं. तिलाही पटलं. ‘बरं’ म्हणाली आणि कणीक मळत राहिली.
सॉफ्टवेअरने विचारलं, पुसलेलं रिसायकल बिनमध्ये ठेवायचं का? ‘नाही’ केलं. भंगार साठवलेलं मला स्टोअर्समध्येही चालत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार, दुपार
आठवडा ऑडिटमध्ये गेला. वर्षवार व्हायचं राहिलं, पण एकदा यंत्रणा बसली की ते काम तासाभराचं. आज आधी कॉपी. मीच आठवणीने करतोय, वैजयंतीने सांगितलं म्हणून नाही. एक-एक फोल्डर कशाला, ‘सिंक’ नावाचं बटण आहे. दोन्ही खिडक्या हुबेहूब सारख्या करून देतं. दाबलं. त्याने इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारलं, मी ‘येस’ म्हटलं. चहा गार व्हायच्या आत काम फत्ते. याला म्हणतात वेग.

संध्याकाळ
दोन्ही खिडक्या हुबेहूब सारख्या झाल्या आहेत. दोन्ही रिकाम्या आहेत.

१६ नोव्हेंबर
कारण सापडलं. सॉफ्टवेअर कायम डावीकडे बघून उजवीकडे तसंच करतं. डावीकडे काही नव्हतं, म्हणून त्याने उजवीकडेही काही ठेवलं नाही. परदेशी बनावट. डाव्या-उजव्याचा विधिनिषेध त्यांना काय कळणार. माझी चूक नाही.
घरी बोललो नाही. वैजयंतीला बीपी आहे. तिच्या तब्येतीपुढे मला काही मोठं नाही.
खाली दिपेशचं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान आहे, त्याच्याकडे डिस्क नेली. मुलगा इथलाच, करंजाडे गावचा. त्याने विचारलं, काका, पुसल्यावर हिच्यावर काय टाकलाव का? मी म्हटलं, डिस्क शाबूत आहे ना ते बघायला सिनेमे टाकले, डिस्क भरेपर्यंत. त्याने डिस्क माझ्या हातात परत दिली. म्हणाला, मंग आता काय नाय व्हनार, काका. फोटू गेलं.

१८ नोव्हेंबर
वैजयंतीने विचारलं, कुठवर आलंय? ‘फायनल स्टेजला,’ म्हटलं. तसं खोटं नाही.
मग अप्पांचा फोन. म्हणाले, विलासराव, सरोजिनीचा तो तांदूळ निवडतानाचा फोटो आहे ना, तो जरा जास्त वेळ ठेवा. मला आता पटकन दिसत नाही, आणि घाईत ती निघून जाईल. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली. मी ‘हो अप्पा’ म्हटलं. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसलो. रडू आलं. कोणी ऐकलं नसावं. टाकी मात्र रिकामी झाली, त्यावरून बोलणी खाल्ली.

२० नोव्हेंबर
जाईला प्रोजेक्टसाठी कसलासा फोटो हवा होता. तिने डिस्क उघडली. आतले सिनेमे बघून आईला हाक मारली.
वैजयंती ओरडली नाही. पलंगाच्या कडेला नुसती बसली. ओरडली असती तर मला निदान उलट बोलता आलं असतं. मी डावं-उजवं समजावायला लागलो, तर ‘अहो, पुरे’ एवढंच म्हणाली. मग माहेरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं: यांचा कॉम्प्युटर बिघडलाय, ज्याच्याकडे घरातले जे फोटो असतील ते आजच पाठवा. कॉम्प्युटर उत्तम चालू आहे. काय बिघडलंय ते तिने लिहिलं नाही, ही तिची मोठी माणुसकी.

२१ नोव्हेंबर
सकाळपासून फोटोंचा पाऊस. तांदूळ निवडणाऱ्या सासूबाई मेहुणीकडे, मंजुषाकडे सापडल्या. तिच्या मोबाईलचा वॉलपेपरच तो. फोटो आला तेव्हा मी उगाच गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे काढले. वाळले नव्हते.
संध्याकाळी आशुतोष लॅपटॉप घेऊन आला आणि एकाच खिडकीत सगळे फोटो लावत बसला. मी शेजारी बसून त्याला शॉर्टकट सांगत होतो. थोड्या वेळाने म्हणाला, विलासराव, चहा करता का? केला. आलं घालून.

२३ नोव्हेंबर, रविवार
कार्यक्रम उत्तम झाला. एक्क्याऐंशी दिव्यांनी अप्पांना ओवाळलं. सासूबाई पडद्यावर भरपूर वेळ थांबल्या. अप्पांनी चष्मा पुसून पुसून पाहिलं. 
मी मात्र दुसरंच शोधत होतो. प्रत्येकाने ज्यात आपण आहोत ते फोटो जपले होते, आणि तेच पाठवले होते. सत्तावीस वर्षं मी या घरचा जावई. प्रत्येक बारशाला, मुंजीला कॅमेरा माझ्याच हातात. माझे जे काही होते ते त्या डिस्कवर. आणखी कोणाकडे नव्हते. लग्नातला एक लागला, पण त्यात मुंडावळ्यांमागे कोण आहे हे सांगणं कठीण. शेवटी टाळ्या पडल्या आणि पुढच्या रांगेतल्या एका काकांनी आशुतोषला विचारलं, अप्पांना जावई एकच ना?
वाईट वाटलं. खूपच वाटलं. बोलायची सोय नव्हती.
अप्पांना ऐकू गेलं असावं. त्यांनी मला बोलावून शेजारच्या खुर्चीत बसवलं, खांद्यावर हात टाकला आणि आशुतोषला म्हणाले, काढ रे आमचा एक. काढला. माझे डोळे मिटलेले आले आहेत. दुसरा काढू म्हटलं, तर अप्पा म्हणाले, असू दे, तुम्हीच आहात हे कळतंय.
वैजयंतीने तो फोटो तीन ठिकाणी ठेवलाय. कुठे, ते मला सांगणार नाही म्हणाली.