ओढा ओलांडण्यासाठी केलेली गाडी

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द या वेळी सवयीने लिहिलेला नाही. गेल्या वर्षभरात गाडीच्या पोटाखाली डोकावण्यासाठी मी इतक्या वेळा आठही अंगं जमिनीला टेकवली आहेत, की त्यातला एखादा नमस्कार तुझ्या दिशेने पडला असेलच.) तुझा गुडघा कसा आहे? रोपवाटिकेला पाणी अजून बादलीनेच घालतोस की पाइप बसवलास? खोकल्याचं औषध संपलं की संपलं, असं करू नकोस, पुन्हा आण. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. हिची कंबर मधूनमधून धरते. त्याचं कारण ओघात येईलच.

पत्राला उशीर झाला असं मी म्हणत नाही, कारण दीड वर्षाला उशीर म्हणत नाहीत. फोनवर आपण बोलतो, पण ते बोलणं म्हणजे तुझ्याकडचं ऊन आणि माझ्याकडचं ऊन. जे बोलायचं ते राहून जातं. वहिनी अंथरुणाला खिळली होती तेव्हा तू फोन करून म्हणालास, "ये. ती विचारते आहे." मी निघालो. डांबरी रस्ता संपल्यावर तुझ्या घरापर्यंत अकरा किलोमीटर कच्चा रस्ता आहे, त्यातले नऊ आलो आणि ओढ्याशी थांबलो. तिथून तुला कळवलं की पाणी कमरेइतकं आहे, गाडी जाणार नाही, परत फिरतो. तू म्हणालास, "असू दे. तुझी गाडीच तशी आहे." तिसऱ्या दिवशी वहिनी गेली. तेव्हाही मी आलो नाही. आधी धीर झाला नाही, आणि नंतर, आधी का आलो नाही हे सांगायचा धीर झाला नाही.

तुझं ते वाक्य मात्र माझ्या मनात घर करून बसलं. गाडीच तशी आहे. ठीक आहे, मी म्हटलं, गाडी तशी राहणार नाही. तुझ्या रस्त्यावर अशी एकही जागा ठेवायची नाही की जिचं नाव पुढे करून मला परत फिरता येईल. एवढ्या एका हेतूने मी आमची मध्यम आकाराची, मध्यम वयाची आणि मध्यम स्वभावाची एसयूव्ही मिस्त्रीच्या हवाली केली.

हा मिस्त्री डोंगरात, वाळवंटात जाणाऱ्या लोकांच्या गाड्या करून देतो. माणूस कामाला वाघ, पण त्याच्या तोंडी एकच शब्द: होईल. गाडी उंच करायची आहे? होईल. पोटाखाली लोखंडी पत्रा लावायचा आहे? होईल. छतावर तंबू? होईल. तीस वर्षं वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर म्हणून काढलेल्या माणसाला अशा होकाराची धास्तीच वाटते. जो व्यापारी प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचा त्याचा तराजू मी सर्वांत आधी तपासायचो. मिस्त्रीने मला उलट प्रश्न एकदाच विचारला. खोल पाण्यातही इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून बॉनेटच्या बाजूने छतापर्यंत एक नळी वर नेतात, ती मी मागितली, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, कुठल्या नदीत घालायची आहे?" मी म्हटलं, ओढा आहे. "पाणी किती असतं?" मी टायरांचा विषय काढला.

टायरांचंही सांगतो. काळ्या मातीचा तो पट्टा आठव, जिथे तुझी मोटारसायकल रुतली होती आणि वहिनी मागे बसल्या बसल्या हसत सुटली होती. त्या पट्ट्यासाठी मी मोठ्या खाचांचे, मोठ्या घेराचे टायर घेतले. घेर वाढला की चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, पण वेगाच्या काट्याला ते ठाऊक नसतं. त्यामुळे काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी चौसष्टने धावत असते. दादा, हे कळल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. माझ्याच गाडीत, माझ्याच डोळ्यांसमोर, खोटं माप! मी खऱ्या वेगाचा तक्ता तयार करून काट्याशेजारी चिकटवला. आता गाडी चालवताना आधी काटा वाचायचा, मग तक्ता वाचायचा आणि मग रस्त्याकडे बघायचं. ही म्हणते की तिसऱ्या गोष्टीचा क्रम जरा वर आणा.

गाडी उंच झाल्यावर हिला आत चढता येईना. मी उपाय म्हणून स्वयंपाकघरातलं स्टूल गाडीत ठेवलं. त्यावर चढून ही आत बसते आणि मग वाकून स्टूल वर ओढून घेते. (कंबर.) आता फडताळातला वरचा डबा काढायचा झाला तर तीन मजले उतरून गाडीतून स्टूल आणावं लागतं. एकदा तिने अगदी शांतपणे विचारलं की मला न्यायचं नसेल तर सरळ तोंडाने सांगा, एवढा खर्च कशाला? मी म्हटलं, दादाकडे दोघांनीही जायचं आहे. त्यावर ती म्हणाली, दादांकडे बस जाते. मी मिस्त्रीकडे निघून गेलो.

पुढचे सात महिने मी थोडक्यात उरकतो. दगडी चढासाठी पुढे तारेचं रीळ बसवलं, म्हणजे गाडी झाडाला बांधून स्वतःलाच वर ओढते. रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या फळ्या आल्या, फावडं आलं, दुसरी बॅटरी, पाण्याची साठ लिटरची टाकी, दोन जादा चाकं, छोटा फ्रीज आणि छतावर घडी घालून ठेवायचा तंबू. (तुझ्या घरी तीन खोल्या आहेत हे मला माहीत आहे. पण ओढ्याच्या अलीकडे थांबायची वेळ आली तर परत फिरायचं नाही, तिथेच मुक्काम करायचा, असा माझा विचार होता.) एवढं वजन पेलायला मिस्त्रीने जाडजूड स्प्रिंगा घातल्या आणि न विचारता एक वाक्य बोलला: स्प्रिंगा भरल्या गाडीसाठी आहेत, गाडी रिकामी ठेवू नका. मी मान हलवली. वजनाच्या बाबतीत मला कोणी शिकवावं याची गंमत वाटली.

आता मुख्य आपत्ती. आमच्या इमारतीच्या तळघरात गाड्या ठेवतात, आणि वर येणाऱ्या उतारावर एक आडवी तुळई आहे. मी पोलादी टेप घेऊन तुळईची उंची तीन वेळा मोजली, तंबूसकट गाडीची उंची तीन वेळा मोजली, आणि मध्ये दोन बोटं जागा राहत होती. सगळं सामान भरून गाडी खाली नेली तेव्हा ती दोन बोटं राखून अलगद गेली. माझा जीव भांड्यात पडला. मग टाकीला वास येतो असं हिचं म्हणणं पडलं, म्हणून टाकी, फ्रीज, चाकं, फळ्या, सगळं उतरवून आम्ही वर नेलं आणि धुऊनपुसून फाटकाशी रचून ठेवलं. रविवारी सकाळी तुझ्याकडे निघायचं होतं. मी नवा शर्ट घातला, रिकामी गाडी सुरू केली आणि उताराला लावली. सामान उतरल्यावर स्प्रिंगांनी गाडी चार बोटं वर उचलली होती. दादा, ज्या माणसाने तीस वर्षं इतरांची वजनं तपासली, तो वजन धरायला विसरला. तंबू तुळईखाली गेला आणि तिथेच राहिला.

सामान परत आणून भरावं हे त्या क्षणी सुचायला हवं होतं. पण मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या, आणि तेवढ्यात इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष आले. देहाने भारदस्त आणि स्वभावाने उत्साही गृहस्थ. त्यांनी जाहीर केलं की वजनच हवं ना, मग माणसं बसवा. पाहता पाहता सात रहिवासी जमा झाले. मी हिशेबासाठी प्रत्येकाला वजन विचारलं, आणि प्रत्येकाने ते कमी सांगितलं. (दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंनी तर लग्नाच्या वेळचं सांगितलं.) अनुभवाने मी प्रत्येकाच्या आकड्यात सहा किलो मिळवले, आणि हिशेब जुळला. अध्यक्ष पुढे बसले, चौघं मागे, दोघं सामानाच्या जागेत मांडी घालून. गाडी हळूहळू खाली बसली आणि तंबू मोकळा झाला. मी इंचाइंचाने पुढे निघालो. गाडी बरोबर तुळईखाली आली असताना अध्यक्षांना वाटलं की बाहेर उभं राहून सूचना दिल्या तर काम अधिक चांगलं होईल. ते उतरले.

पुढच्या अर्ध्या मिनिटाचं मी वर्णन करत नाही. गाडी वर आली आणि तुळईला अशी घट्ट बसली की दारंसुद्धा कुरकुरत उघडली. आतले सहा जण एकेक करून उतरले, आणि जो जो उतरला त्याने ती आणखी घट्ट केली. पुन्हा आत बसायला कोणी तयार झालं नाही, आणि सामान भरूनही ती सुटली नाही. आज मंगळवार. तळघरातल्या एकोणीस गाड्या माझ्या गाडीमागे कोंडल्या आहेत. सगळी इमारत बसने कामाला जाते. दंतवैद्यबाई जिन्यात भेटल्या तर हसत नाहीत. हिला मात्र आता सगळे ओळखतात, आणि बसच्या थांब्यावर उभं राहून ती त्यांना कुठली बस कुठे जाते ते समजावून सांगते. मिस्त्रीला निरोप पाठवला आहे. तो म्हणाला, होईल.

तेव्हा दादा, माझं येणं पुन्हा लांबलं. या वेळीही अडचण गाडीचीच आहे, हे तुझ्या लक्षात येईल. माझी इच्छा होती, नवा शर्टही घातला होता. वहिनीच्या खोलीत आता काय ठेवलं आहेस, हे विचारायचं राहिलं. प्रकृतीला जप आणि उत्तर लिही.

तुझा,
धाकटा

ताजा कलम. हे पत्र पाकिटात घालण्याआधी हिने वाचलं.  पत्र परत माझ्यापुढे ठेवलं, शेजारी पेन ठेवलं आणि भाजी निवडायला बसली. म्हणून हे लिहितो. दादा, त्या दिवशी ओढ्याला पाणी कमरेइतकं नव्हतं. मी टेप लावली होती. चौदा सेंटिमीटर. मी मोजत असतानाच पलीकडून एक दूधवाला सायकल हातात धरून आला आणि माझ्या गाडीकडे जरा नवलाने बघून निघून गेला. त्याची जराशी वर दुमडलेली विजारही भिजली नव्हती. आदल्या दिवशी तू वहिनीच्या कानाशी फोन धरला होतास, आणि तिचा आवाज एवढासा झाला होता. मला तो आवाज समोर बसून ऐकायची भीती वाटली. बस, एवढंच झालं. आई गेल्यावर मला लहानाचं मोठं केलं ते तिने. मी दहा वर्षांचा असताना तुझा आणि माझा दुधाचा पेला डोळ्यांसमोर धरून पातळी तपासायचो, तेव्हा ती मला इन्स्पेक्टर म्हणून चिडवायची आणि तुझ्या पेल्यातलं थोडं माझ्या पेल्यात ओतायची. ती विचारत होती, आणि मी दोन किलोमीटरवरून परत गेलो. खोटं माप देणाऱ्यांना मी आयुष्यभर दंड केला. स्वतः एकदाच दिलं, ते तुला. तू ते न तपासता घेतलंस आणि वर माझ्या गाडीवर ढकललंस, याची मला फार लाज वाटते.

दुसरा ताजा कलम. गाडी आज, बुधवारी, सकाळी निघाली. मिस्त्रीने चारही टायरांतली हवा थोडी थोडी सोडली, गाडी खाली बसली, आणि तो चालवत वर घेऊन गेला. पाच मिनिटं लागली. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. गाडी आता फाटकाशी उभी आहे, टाकी भरलेली, सगळं जागच्या जागी, तुझा ओढाच काय, नदीही ओलांडेल अशी. पण मी ती आणत नाही. रविवारी सकाळच्या बसने डांबरी रस्ता संपतो तिथे उतरेन आणि अकरा किलोमीटर चालत येईन. घ्यायला येऊ नकोस, तुझा गुडघा सांभाळ. फार तर ओढ्यापर्यंत ये आणि पलीकडच्या काठावर उभा राहा. अलीकडे येऊ नकोस. मला कोणी तरी समोर दिसलं पाहिजे, एवढीच विनंती. माफ करायचं की नाही ते मी पलीकडे आल्यावर ठरव.

भाऊजी, नमस्कार. खालच्या दोन ओळी माझ्या. मीही येते आहे, पण यांच्या मागून दहा पावलं, म्हणजे परत फिरायला जागा राहणार नाही. यांच्या पिशवीतून टेप काढून मी स्टुलाखाली ठेवली आहे. ओढ्याला सध्या पाणी किती आहे, ते यांनी फोन करून विचारलं तर कृपा करून सांगू नका.